मारकडवाडीची मतपत्रिका आणि आपल्या मोहल्ल्यातला वाद
पुरावा समोर असतानाही राजकीय मत का बदलत नाही?

सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात मारकडवाडी नावाचं छोटं गाव आहे. डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात या गावाचं नाव देशभर गाजलं. विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबरला लागला होता. माळशिरसमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस शरदचंद्र पवार पक्षाचे उत्तम जानकर यांनी भाजपचे राम सातपुते यांचा १३ हजार १४७ मतांनी पराभव केला. मारकडवाडीत मात्र सातपुतेंना १००३ आणि जानकरांना ८४३ मतं पडल्याचं आकडेवारीत दिसलं.

जानकर समर्थक गावकऱ्यांना हे पटलं नाही. आमचं गाव तर त्यांच्या बाजूचं, मग इथे ते मागे कसे, असा त्यांचा सवाल होता. खात्री करण्यासाठी ३ डिसेंबरला गावातच, स्वतःच्या खर्चाने, मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं त्यांनी ठरवलं. प्रशासनाने परवानगी नाकारली, जमावबंदी लावली, गावात पोलीस बंदोबस्त आला. अखेर मतदान रद्द झालं आणि गुन्हेही नोंदवले गेले. ८ डिसेंबरला शरद पवार गावात आले. दोन दिवसांनी त्याच गावात दुसऱ्या बाजूचीही सभा झाली.

या प्रकरणावर तेव्हा खूप लिहिलं गेलं. मशीन खरं की खोटं, हाच सगळ्यांचा विषय होता. आम्हाला दुसरा एक प्रश्न पडला. समजा, ते मतदान झालं असतं तर कुणाचं मत बदललं असतं?

मतपत्रिकेवर जानकर पुढे आले असते तर सातपुते समर्थक म्हणाले असते, आमचे लोक मतदानाला आलेच नाहीत, हे कसलं मतदान? सातपुते पुढे आले असते तर जानकर समर्थक म्हणाले असते, पोलिसांच्या दबावाखाली लोक घाबरले. म्हणजे दोन्ही बाजूंची उत्तरं निकालाआधीच तयार होती. बरं, हा फक्त मारकडवाडीचा प्रश्न नाही. आपल्या मोहल्ल्यात, आपल्या जेवणाच्या दस्तरख्वानवर रोज हेच चालू असतं.

शंका आणि हट्ट यात फरक आहे

आधीच सांगतो, शंका घेणं चुकीचं नाही. निवडणुकीवर प्रश्न विचारणं हा नागरिकाचा हक्क आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यातल्या एका गावच्या सरपंचपदाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने मतदान यंत्रं आपल्याच आवारात मागवून फेरमोजणी करून घेतली. आधी हरलेला उमेदवार ५१ मतांनी विजयी ठरला. ज्याने शंका घेतली होती तो बरोबर निघाला. यंत्रात कुणी छेडछाड केली असं त्यातून सिद्ध झालं नाही, पण मोजणी चुकली होती हे मात्र सिद्ध झालं. शंकेला तपासणीची वाट मिळाली आणि शंका मिटली.

महाराष्ट्राच्या २०२४ च्या निकालाबाबत निवडणूक आयोगाने जाहीर केलं होतं की २८८ मतदारसंघांत प्रत्येकी पाच, अशा १४४० व्हीव्हीपॅट यंत्रांमधल्या चिठ्ठ्या मोजल्या आणि यंत्रातल्या मतांशी त्यांची तफावत आढळली नाही. त्याआधी २६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्वच चिठ्ठ्या मोजण्याची आणि मतपत्रिकेकडे परतण्याची मागणी फेटाळली होती. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ठराविक यंत्रांची तपासणी मागण्याची मुभा दिली होती.

हे ऐकून कुणी म्हणेल, पाचच का, जास्त का नाही? हा रास्त सवाल आहे. त्यावर भांडायला हवं. पण कुणी म्हणालं, "पाच मोजा नाहीतर पाचशे मोजा, मला पटणारच नाही," तर ती शंका उरली नाही. तो हट्ट झाला. दोन्हीतला फरक ओळखायला एकच प्रश्न पुरतो: नेमकं काय समोर आलं तर तुम्ही मत बदलाल? शंका घेणाऱ्याकडे याचं उत्तर असतं. हट्ट धरणारा विषय बदलतो.

हरलो की मशीन, जिंकलो की जनता

यंत्रावरचा संशय कुठल्याही एका पक्षाची मालमत्ता नाही. आज भाजप यंत्राची पाठराखण करतो आणि विरोधक संशय घेतात. २००९ ची लोकसभा हरल्यानंतर चित्र नेमकं उलटं होतं. भाजपचे जी. व्ही. एल. नरसिंह राव यांनी २०१० मध्ये मतदान यंत्रांवर शंका घेणारं एक अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्याला लालकृष्ण अडवाणी यांची प्रस्तावना होती. सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवरच ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्हीव्हीपॅट टप्प्याटप्प्याने आणण्याचे आदेश दिले. तेव्हा सत्तेत असलेले लोक यंत्रावर विश्वास ठेवत होते.

व्हीव्हीपॅट जोडल्यावर तपासणीची सोय वाढली, पण संशय कमी झाला नाही. फक्त संशय घेणारे बदलले. यंत्राबद्दल काय वाटतं हे बऱ्याचदा यंत्रावरून ठरत नाही, ते निकाल कुणाच्या बाजूने लागला यावरून ठरतं.

आपल्या जिल्ह्यातच पाहा. जून २०२४ मध्ये सोलापूर लोकसभेत प्रणिती शिंदे यांनी राम सातपुते यांचा ७४ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. माढ्यात धैर्यशील मोहिते पाटील १ लाख २० हजारांच्या फरकाने जिंकले. तेव्हा विजापूर वेशीतल्या चहाच्या हॉटेलात आम्ही एकालाही मशीनबद्दल बोलताना ऐकलं नाही. पाच महिन्यांनी निकाल फिरला आणि त्याच टेबलावर मशीनशिवाय दुसरा विषय नव्हता. आम्हीही त्याच टेबलावर बसलेलो होतो, हे कबूल करायला हवं.

शिकलेला माणूस तरी ऐकेल ना?

आपल्याला वाटतं, लोक अडाणी आहेत म्हणून चुकीच्या गोष्टींवर विश्वास ठेवतात. शिक्षण वाढलं, आकडे समजायला लागले की सगळं ठीक होईल. अमेरिकेत डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हे तपासून पाहिलं. १,१११ लोकांना आकड्यांचा एक तक्ता दिला. काहींना सांगितलं, हे त्वचेच्या मलमाचे आकडे आहेत, मलमाने खाज कमी होते की वाढते ते ओळखा. काहींना तेच आकडे देऊन सांगितलं, हे बंदूकबंदीचे आहेत, बंदीने गुन्हे कमी होतात की वाढतात ते ओळखा.

मलमाच्या बाबतीत ज्यांचं गणित चांगलं, त्यांची उत्तरं बरोबर आली. बंदुकीचा विषय निघाला आणि गाडी रुळावरून घसरली. उत्तर आपल्या पक्षाच्या बाजूचं असेल तर या हुशार लोकांनी गणित बरोबर केलं, विरुद्ध असेल तर चुकवलं. आणि गणितात कच्च्या असलेल्या लोकांपेक्षा हुशार लोकांमध्येच दोन पक्षांतलं अंतर जास्त निघालं.

म्हणजे डोकं चालतं, पण वकिलासारखं. वकील आधी बाजू घेतो, मग पुरावे शोधतो. जितका हुशार वकील, तितकी त्याची बाजू मजबूत. आपल्या फॅमिली ग्रुपवर सगळ्यात लांब मेसेज कोण टाकतं आणि सगळ्यात कमी कोण ऐकतं, हे आठवून बघा. बऱ्याचदा ते घरातलं सगळ्यात शिकलेलं माणूस असतं.

मत म्हणजे आपली माणसं

वकील बाजू का घेतो? कारण ती त्याच्या माणसांची बाजू असते. माढा लोकसभेचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये अकलूजचं मोहिते पाटील घराणं भाजपसोबत गेलं. माळशिरस तालुक्याने भाजपला मोठी आघाडी दिली आणि रणजितसिंह नाईक निंबाळकर ८५ हजारांवर मतांनी जिंकले. २०२४ मध्ये धैर्यशील मोहिते पाटील शरद पवारांकडे परतले आणि तोच तालुका फिरला. त्याच नाईक निंबाळकरांचा लाखाहून अधिक मतांनी पराभव झाला.

पाच वर्षांत हजारो लोकांनी मत बदललं. सगळ्यांनीच एकेकटं बसून, कागद-पेन घेऊन, पुरावे तपासले असतील असं वाटत नाही. कांद्याचा भाव, पाण्याचा प्रश्न, आरक्षण ही कारणंही होतीच. पण नेता, भावकी, गट सोबत असल्याने बदलणं सोपं झालं. मत बदललं तरी संध्याकाळी ज्या पारावर बसायचं तो पार तोच राहिला.

आता एकट्या माणसाचा विचार करा. गाव एका बाजूचं आहे आणि त्याला एकट्याला पुरावा पटलाय. त्याने तोंड उघडलं तर काय होईल? "विकला गेलास का?" हा पहिला सवाल. मग लग्नाचं आमंत्रण येणार नाही, उसनवारी बंद होईल, मशिदीच्या किंवा मंदिराच्या कमिटीत नाव राहणार नाही. एका मतासाठी एवढी किंमत कोण मोजेल? त्यामुळे तो पुरावाच नाकारतो. आपल्याला ते मूर्खपणाचं वाटतं, पण त्याच्या जागेवरून पाहिलं तर तो साधा हिशेब आहे. पुरावा नाकारणं स्वस्त पडतं, माणसं गमावणं महाग.

आम्हाला या विषयात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. मत बदलल्यावर आपण कुठे उभे राहणार, हे माणसाला दिसलं नाही तर कितीही मोठा पुरावा आणला तरी तो हलत नाही.

आता आपल्या घरातला हिशेब

दुसऱ्यांबद्दल बोलणं सोपं असतं, म्हणून आता आपल्याच शहराकडे येऊ. २०२४ च्या विधानसभेनंतर सोलापूर शहर मध्यमध्ये आपल्या लोकांत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, "एमआयएममुळे मतं फुटली आणि भाजप जिंकला." दुसऱ्या तटाचं म्हणणं, "काँग्रेसनेच उमेदवार दिला नसता तर आपला माणूस आमदार झाला असता." सख्खे भाऊ यावरून महिनोन्‌महिने एकमेकांशी बोलले नाहीत, अशी घरं आम्हाला माहीत आहेत.

आकडे काय सांगतात? भाजपचे देवेंद्र कोठे यांना १ लाख १० हजारांवर मतं पडली. एमआयएमचे फारुख शाब्दी यांना ६१ हजारांवर. काँग्रेसचे चेतन नरोटे १६ हजारांच्या आसपास. या दोघांची बेरीज केली, त्यात माकपच्या आडम मास्तरांची मतं मिळवली, तरी कोठेंच्या मतांपर्यंत पोहोचता येत नाही. म्हणजे "मतं फुटली म्हणून हरलो" हे पहिल्या तटाचं म्हणणं बेरजेत बसत नाही आणि "काँग्रेस नसती तर जिंकलो असतो" हे दुसऱ्याचंही बसत नाही.

त्याआधी २०१९ मध्येही "एमआयएम उभी राहिली म्हणजे काँग्रेस गेली" असं सांगितलं जात होतं. तेव्हा शाब्दी दुसऱ्या क्रमांकावर होते, तरी प्रणिती शिंदे सुमारे १२ हजार ७०० मतांनी निवडून आल्या.

हे आकडे आम्ही एका बुजुर्ग मामूंना दाखवले. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे बाबा. पण मतं फुटली नसती तर हवाच वेगळी झाली असती." असू शकतं. एकच उमेदवार असता तर जास्त लोक मतदानाला बाहेर पडले असते, हा तर्क टाकाऊ नाही. पण मामू काय करत होते ते आमच्या लक्षात आलं. बेरीज चुकली म्हणताच त्यांनी "हवा" आणली, कारण हवेची बेरीज होत नाही. त्याच दिवशी दुसऱ्या तटाच्या एका तरुणाला तेच आकडे दाखवले, तोही असाच दुसऱ्या वाटेने निसटला. आणि खरं सांगायचं तर, आमचं स्वतःचं मतही एका तटाकडे झुकलेलं होतं. ही बेरीज आम्ही निकालानंतर कितीतरी दिवस केलीच नव्हती. करावीशी वाटली नाही.

नुकसान कुणाचं झालं? कोण फुटला यावर भांडण चालू राहिलं आणि शहराच्या बाकीच्या मतदारांपर्यंत आपण का पोहोचलो नाही, हा सवाल बाजूला पडला. चुकीचं मत धरून ठेवल्याची किंमत अशी मोजावी लागते. पुढच्या वेळी करायचं काय, हेच ठरत नाही.

आपल्याबद्दलच्या समजुती

काही समजुती आपल्याविरुद्ध आहेत आणि त्याही पुराव्याने हलत नाहीत. मुस्लिमांची लोकसंख्या बेसुमार वाढतेय आणि लवकरच तेच बहुसंख्य होणार, ही त्यातली सगळ्यात जुनी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी हे सरकारचंच सर्वेक्षण आहे. १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती, २०१९-२१ मध्ये ती २.४ वर आली. हिंदूंमध्ये हाच आकडा ३.३ वरून १.९ वर आला. दोन्हीकडे घट आहे, मुस्लिमांमध्ये ती जास्त आहे आणि दोघांमधलं अंतर निम्म्याहून कमी उरलंय. तरी प्रत्येक निवडणुकीत तेच भाषण ऐकू येतं.

कोरोनाचा काळ आठवा. तबलिगी जमातमुळे रोग पसरला असं दिवसरात्र सांगितलं गेलं. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेल्याचं निरीक्षण नोंदवलं. आरोप घराघरात पोहोचला होता, निकाल तितका पोहोचला नाही.

यावर आपली पहिली प्रतिक्रिया राग, ती साहजिक आहे. पण मारकडवाडीत आणि शहर मध्यमध्ये जे पाहिलं तेच इथे लागू होतं. शेजारच्या भाऊंना तुम्ही सरकारी आकडा दाखवलात आणि ते गप्प बसले, म्हणजे त्यांना तो समजला नाही असं नाही. तो मान्य केला तर आपल्या गटात आपण एकटे पडू, ही भीती त्यांनाही आहे. जी भीती मामूंना आहे, तीच.

मग उपाय काय?

बिहारमध्ये २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी एक प्रयोग केला. १,२२४ लोकांपैकी काहींच्या घरी जाऊन, तासभर बसून, खोटी बातमी कशी ओळखायची ते शिकवलं. नंतर तपासलं तर सरासरी फरक जवळपास शून्य. भाजप समर्थकांच्या बाबतीत तर आपल्या पक्षाला सोयीची खोटी बातमी ओळखण्याची क्षमता उलट घटली. हे वाचून कुणी खूश होऊ नये. आपल्या मामूंनी काय केलं ते आत्ताच पाहिलंय.

पण पुढची गोष्ट उमेद देणारी आहे. बिहारमध्येच नंतर याच संशोधकांनी इतरांसोबत मोठा प्रयोग केला. या वेळी विद्यार्थी निवडले, १३ हजारांहून अधिक. त्यांना गावातल्या ग्रंथालयांत अनेक आठवडे वर्ग घेऊन शिकवलं. चार महिन्यांनंतरही मुलांना खरं-खोटं जास्त चांगलं ओळखता येत होतं. आणि त्यांच्या आईवडिलांमध्येही सुधारणा दिसली, ज्यांना कुणी काही शिकवलंच नव्हतं. एका तासात जे झालं नाही ते हळूहळू, घरातल्याच लेकराच्या तोंडून झालं. अनोळखी माणसाने आकडा फेकला की तो हल्ला वाटतो. मुलीने विचारलं, "अब्बू, ही बातमी कुठून आली?" तर अब्बू निदान थांबतात.

पुरावा अगदीच निरुपयोगी असतो असंही नाही. अमेरिकेत थॉमस वूड आणि एथन पोर्टर यांनी दहा हजारांहून अधिक लोकांवर ५२ वेगवेगळे विषय तपासले. दुरुस्ती दाखवल्यावर बहुतेक लोक तेवढी एक बाब मान्य करतात, असं त्यांना दिसलं. पण अशाच इतर प्रयोगांत हेही दिसलं की चूक मान्य केली तरी नेत्याबद्दलचं मत फारसं बदलत नाही. म्हणून आकडे सांगत राहायला हवेत. फक्त एका आकड्याने माणूस बाजू सोडेल, ही अपेक्षा नको.

आपल्यासाठी तीन साध्या गोष्टी सुचवतो. पहिली, वाद सुरू करण्याआधी स्वतःला विचारा, काय दिसलं तर मी मत बदलेन? उत्तर नसेल तर वाद घालू नका, चहा प्या. दुसरी, कुणी चूक कबूल केली तर "आता कळलं का?" म्हणून त्याला चारचौघांत खाली पाहायला लावू नका. त्याची जागा तशीच ठेवा. तिसरी, आपल्या बाजूची बातमी आली की ती दुप्पट तपासा. सूरह अल-हुजुरातमध्ये बातमी आली की आधी खात्री करून घ्या, असा स्पष्ट हुकूम आहे. ती बातमी आपल्याला आवडणारी असली तर सूट, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही.

मारकडवाडीचं ते मतदान झालं नाही. पण १००३ आणि ८४३ मतं देणारी माणसं त्याच गावात राहतात, एकाच रस्त्याने शेताला जातात. आपल्या मोहल्ल्यातही काँग्रेसवाले चाचा आणि एमआयएमवाला भाचा जुम्म्याला एकाच सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहतात. पुढची निवडणूक येईल तेव्हा या दोघांना एका कागदावर बेरीज करता आली पाहिजे. त्यासाठी आधी दोघांनाही खात्री हवी की बेरीज कशीही आली तरी सफमधली आपली जागा जाणार नाही.